हवेचा खांब आणि जवाईबुवा

जावई हा दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांच्याकडे त्यांचा ग्रह फार तर दिवाळीला येऊन चार दिवस राहून जात असेल. माझा ग्रह माझ्याच हाताखाली हेल्पर होता आणि रोज सकाळी माझ्याच खोलीतून माझ्यासोबत ड्युटीला निघायचा.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम, खड्डे आणि क्रेन. ब्लास्ट फर्नेसच्या पायाचं काँक्रीट एकदा सुरू झालं की थांबवता यायचं नाही, म्हणून रात्रीही काम चालायचं, आणि त्या कामाला उजेड पुरवायला आमच्याकडे हवेवर चढणारे खांब होते. सगळे त्यांना मास्ट म्हणायचे. चाकांच्या गाड्यावर एक जाड नळी उभी, तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशा नळ्यांत नळ्या. खालून कॉम्प्रेसरची हवा दिली की त्या एकेक करून वर निघायच्या आणि सगळ्यात आतल्या नळीच्या डोक्यावरचे दिवे ताडाइतके उंच जायचे. हवा सोडली की मास्ट आपल्याच वजनानं खाली बसायचा. ज्यानं सायकलचा पंप एकदा उघडून पाहिला आहे त्याला मास्ट समजावून सांगावा लागत नाही. पंपात असतं तसंच चामड्याचं वायसर प्रत्येक नळीच्या बुडाशी असायचं, आणि हवा धरून ठेवायचं काम त्या चामड्याचं होतं.

मी त्या मास्टचा फिटर. रात्रीचा उजेड लोकांचा, आणि सकाळची घाण आमची. रोज सकाळी मास्ट खाली घ्यायचा, बुडाची तोटी उघडून आत जमलेलं पाणी काढायचं, घासलेटात भिजवलेल्या फडक्यानं एकेक नळी पुसायची, कारण सिमेंट आणि मुरूम नळीला असे चिकटायचे की पुढच्या वेळी कॉलरमध्ये, म्हणजे प्रत्येक नळीच्या तोंडावरच्या लोखंडी कड्यात, करकर वाजायचे. मग बोटानं पातळ तेलाचा हात फिरवायचा. गाडा पाणसळ लावून सपाट करायचा, ताणाच्या तारा ओढून पाहायच्या. आणि एक नियम सगळ्यांना पाठ होता. चढलेल्या मास्टच्या आत हवा नसेल तर त्याच्या जवळ जायचं नाही. हवा असली तर तो मऊ उतरतो, नसली तर तो फक्त अडकलेला असतो, आणि अडकलेली वस्तू कधी सुटेल हे कोणी सांगत नाही.

आता ग्रहाविषयी. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांचं. त्याचंही तिकडचंच. भावाभावांच्या वाटणीत त्याच्या वाट्याला गुरांचा गोठा आला, आणि गोठ्यात बायकोला ठेवणार नाही म्हणून तो तिला आमच्या आईकडे सोडून कामाच्या शोधात निघाला. मीच त्याला भिलाईला बोलावलं आणि माझ्या हाताखाली लावून घेतलं. तो कायम झाला की कंपनीचं क्वार्टर मिळणार आणि मग बहीण आपल्या घरी येणार, असा हिशेब होता. तोवर ती माहेरी. आमच्या घरी तिला कोणी उणं बोललं नाही. पण लग्नातल्या तिच्या लोखंडी पेटीतलं सामान तिनं माहेरी कधी बाहेर लावलं नाही. लागेल तेवढं लुगडं काढायची आणि पुन्हा कुलूप लावायची. आई म्हणायची, कपाटात ठेव ना बाई. ती म्हणायची, राहू दे, जायचंच आहे.

पोळ्याला मी गावी गेलो तेव्हा तिनं मला आमच्या गोठ्याजवळ गाठलं.

"दादा, त्यायले सांग, टीनाचं घर असो का कवेलूचं असो, मी येतो. इथं मले कोणी काही म्हणत नाही. पण पाहुणी होऊन मी कदीपर्यंत राहू?"

मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. जवाईबुवा खाटेवर बसले होते.

"टीनाच्या खोलीत आणू तुमच्या बहिणीले?" तो म्हणाला. "उद्या तुमची आई आली तं तिले कुठं बसवू? पक्कं घर झाल्याबिगर मी तिले आणत नाही, भाऊ."

झालं. जावयानं एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना हे समजणार नाही. आमच्याकडे जावई वयानं लहान असला तरी मानानं मोठा. त्याला कामाला लावायचं नाही, त्याला उलट बोलायचं नाही, त्यानं आपलं जेवलेलं ताट उचलायचं नाही. निघताना आईनं बजावलं होतं, "जवाईबुवाले काही कमी पडू देऊ नोको." त्यामुळे भिलाईच्या टीनाच्या खोलीत मी स्वयंपाक करायचो, मी ताट वाढायचो, आणि जवाईबुवा हात धुऊन उठले की ताटही मीच घासायचो. माणूस आळशी नव्हता. ड्युटीवर दोन माणसांचं काम करायचा. पण माझी खोली म्हणजे त्याची सासुरवाडी, आणि सासुरवाडीत हात चालवला तर माझ्याच घराण्याला कमीपणा. हे त्यालाही पटलेलं होतं आणि मलाही. चीड यायची, तरी पटलेलं होतं.

ड्युटीवर तर तमाशाच. बाकीचे फिटर आपल्या हेल्परवर ओरडायचे. मी म्हणायचो, "जवाईबुवा, तो पाना जरा देता का?" आमचा फोरमन नागपूरकडचा, जुना रेल्वेतला माणूस, तोंडाचा फटकळ. तो कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, "काहो, पाना मागून राहिले का लग्नाची पत्रिका देऊन राहिले? ड्युटी हाय का सासुरवाडी?" सगळी गँग हसायची. जवाईबुवाही हसायचे. मी हसत नव्हतो.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. चामड्याची वायसरं सुकून आकसली आणि मास्ट हवा सोडायला लागले. संध्याकाळी ताठ उभा केलेला मास्ट सकाळपर्यंत गुडघे मोडल्यासारखा खाली आलेला असायचा, आणि काँक्रीटवाल्यांच्या शिव्या आम्हाला. पातळ तेलाचे डबे संपले होते, नवे यायचे होते, कधी ते स्टोअरलाही माहीत नव्हतं. अशात एका सकाळी जवाईबुवांनी पिशवीतून बाटली काढली. गावाहून आणलेलं जवसाचं तेल. आम्ही तेच खायचो.

"आमच्या विहिरीच्या मोटीले हेच लावते," तो म्हणाला. "चामडं उन्हाळाभर फाटत नाही."

मी म्हटलं, "नको जवाईबुवा, हे खायचं तेल. मशीनचं तेल येगळं रायते."

"मोटीले चालते, तं याले कावून नाही चालत? चामडं तं चामडंच हाय."

मी नको म्हणालो होतो, एकदा. जावयाला दुसऱ्यांदा नको म्हणायची आमच्याकडे रीत नाही. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य अशी म्हण आहे. तिचा अर्थ मला त्या सकाळी पूर्ण कळला. त्यानं मास्ट उघडून वायसरं तेलात भिजवली, आणि हात लागलाच आहे तर म्हणून सगळ्या नळ्यांनाही भरपूर चोपडलं. पोळ्याला आमच्या बैलांच्या शिंगांनाही कोणी इतकं तेल लावलं नसेल.

आणि गंमत अशी की मास्ट सुधारला. चामडं फुगलं, मऊ झालं, हवा धरून बसलं. संध्याकाळी उभा केलेला मास्ट सकाळी तसाच ताठ. काँक्रीटवाल्यांच्या शिव्या थांबल्या. फोरमननं विचारलं हे कोणी केलं, मी जवाईबुवांकडे बोट दाखवलं, आणि काय लावलं हे त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "याले म्हणते काम. या वेळी तुमच्या जवाईचं नाव पक्क्यासाठी पाठवतो." त्या दिवशी जवाईबुवा रस्ताभर बोलत होते. क्वार्टर मिळालं तर चूल कोणत्या भिंतीला, तुळस कुठं, बहिणीची पेटी कुठल्या कोपऱ्यात. मला इतका आनंद झाला की मी तांदळाची खीर केली. ताटंही गाणं म्हणत घासली.

पुढचं सगळं त्या चांगल्या कामातूनच निघालं. मास्ट हवा सोडत नाही म्हटल्यावर फोरमन म्हणाला, रोज सकाळी उतरवून काय करता, राहू द्या उभा, वेळ वाचतो. मास्ट उभाच राहिला. रोजची उतरवणी गेली, पुसणं गेलं. वैशाखाचं ऊन त्या नळ्यांवर दिवसभर पडत होतं. जवसाचं तेल उन्हात सुकतं आणि सुकलं की त्याचं कातडं होतं, चिकट आणि मग चिवट. मोट रोज पाण्यात बुडते, तिला असं कातडं चढलं तर बरंच, पाणी मुरत नाही. मास्टला नळीतून नळी सरकवायची असते. हा फरक तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

मग एका सकाळी मोठी क्रेन त्याच वाटेनं पलीकडे न्यायची ठरली. फोरमननं सांगितलं, मास्ट उतरवून बाजूला घ्या. मी खालचा व्हॉल्व्ह उघडला. हवा फुसफुसत निघून गेली, हवेच्या दाबाच्या घड्याळाचा काटा शून्यावर आला, आणि मास्ट जागचा हलला नाही. दिवे वर तसेच. क्रेन मागे घरघरत उभी. इंजिनियर साहेब, तरुण पण शांत माणूस, चालत आमच्याकडे येत होते, आणि त्यांच्यासोबत एक रशियन तज्ज्ञ आणि त्यांचा दुभाषी.

मला वाटलं, आधी व्हॉल्व्ह बंद करून हवा परत भरावी, मग विचार करावा. मी कॉम्प्रेसरकडे वळलो. तेवढ्यात जवाईबुवांनी घासलेटचं फडकं घेतलं, शिडी लावली आणि वर चढले. त्यांच्या लक्षात आलं होतं की तेलच चिकटलं आहे, आणि आपणच लावलेलं तेल आपणच साहेब यायच्या आत पुसून टाकावं असं त्यांना झालं असणार. नाव जायचं होतं ना वर. मी वळून पाहिलं तेव्हा तो खालच्या कॉलरवर डावा हात टेकून उजव्या हातानं नळी पुसत होता. आत हवा नव्हती. वरच्या नळीची कॉलर नेमकी त्याच्या हाताच्या वर लटकलेली होती, आणि घासलेट तिथं मुरायला लागलं होतं.

"जवाईबुवा, हात काढता का" असं म्हणायला वेळ लागतो. मी ओरडलो, "हात काढ! अबे काढ हात, खाली उतर!"

सगळी गँग माझ्याकडे पाहायला लागली. त्यानंही चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि चमकला म्हणूनच हात निघाला. वरची नळी सुटून खाली आली आणि कॉलर कॉलरवर आदळली. लोखंडाचा असा आवाज झाला की क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं. जवाईबुवा शिडीवर तसेच उभे होते, हात छातीशी धरून. हात पुरा होता. तो हात गेला असता तर मी आईला आणि बहिणीला काय सांगणार होतो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मग मात्र सगळं रीतीनं केलं. व्हॉल्व्ह बंद, हवा आत, काटा वर. बाकीच्या नळ्या हवेवर टेकल्या आहेत याची खात्री झाल्यावर लांब काठीला फडकं बांधून एकेक सांधा घासलेटानं भिजवला, थोडी हवा सोडली, थोडी नळी आली, पुन्हा भिजवलं. मास्ट हळूहळू उतरला. क्रेन गेली.

रशियन तज्ज्ञानं नळीवरचा तो पिवळट थर नखानं खरवडला, वास घेतला आणि हसून काहीतरी बोलला. दुभाषी म्हणाला, "कहते हैं, यह तो पेंट का तेल है. हमारे यहाँ इससे खिड़कियाँ रँगते हैं."

इंजिनियर साहेब हसले नाहीत. "किसने लगाया?"

फोरमन माझ्याकडे पाहायला लागला. मी कायम होतो. मी लावलं म्हटलं असतं तर एखादा मेमो मिळाला असता, चार गोष्टी ऐकाव्या लागल्या असत्या आणि संपलं असतं. त्याचं नाव मात्र तसंच वर गेलं असतं, आणि दिवाळीपर्यंत बहीण आपल्या घरी. मी तोंड उघडलंही होतं.

"मैंने लगाया साहब," जवाईबुवा मागून म्हणाले. "इनने मना किया था. मैं नहीं माना."

साहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आगे से स्टोर का तेल, नहीं तो कुछ नहीं," आणि निघून गेले. कामावरून काढलं नाही. पण संध्याकाळी फोरमन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "या वेळी तुमच्या जवाईचं नाव राहू देतो. आता मी कोणत्या तोंडानं देऊ?" त्याचंही बरोबर होतं. मला रडू आलं. मी हौदावर जाऊन तोंड धुतलं.

आम्ही खोलीवर आलो. मला वाटत होतं, अबे म्हटलं त्याचा राग आला असणार. भर गँगसमोर जावयाला अबे म्हटलं, आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. मी भात टाकला, वरण केलं, ताटं वाढली. जेवण झालं. मी ताट उचलायला हात पुढे केला तर त्यानं आपलं ताट आधीच उचललं होतं. मग माझंही उचललं. बाहेर जाऊन दोन्ही घासून आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"काय करून राहिले, जवाईबुवा," मी म्हणालो.

"तुमी आज मले तू म्हटलं, भाऊ."

"तोंडातून निघालं."

"निघालं म्हणून हात हाय माया." तो आपल्या पंज्याकडे पाहत होता. "ड्युटीवर तूच म्हणत जा. घरी म्हणा काय म्हणायचं ते." मग एकदम म्हणाला, "पक्कं घर पक्कं घर करत मी तिले दोन वर्षं तिकडं ठेवलं. आज हात गेला असता तं पक्कं घर काय चाटलं असतं?"

रविवारी तो दुर्गच्या बाजूच्या एका खेड्यात गेला आणि एका छत्तीसगढी म्हाताऱ्याच्या घरातली पडवी भाड्यानं घेऊन आला. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं खपरेल, शेणानं सारवलेली जमीन. कारखान्यापासून सायकलनं लांबच होतं. चूल त्यानं स्वतः घातली आणि वाकडी घातली. मग गाडीनं गावी गेला आणि बहिणीला घेऊन आला. पेटी डोक्यावर त्यानंच आणली. सासुरवाडीहून निघताना जावयाच्या डोक्यावर पेटी पाहून आमच्या गावात काय काय बोलले असतील, ते मी कधी विचारलं नाही.

कायम तो पुढे झालाच. फोरमननंच नाव दिलं, आणि कंपनीच्या सेक्टरमध्ये क्वार्टरही मिळालं, चूल भिंतीला आणि तुळस दारात. आज तो आणि मी दोघंही भिलाईतच हुडको वसाहतीत राहतो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. नातवंडं आमच्याशी हिंदीत बोलतात आणि मास्ट म्हणजे मोबाइलचा टॉवर समजतात. समजू द्या. पण मला आठवतं ते सेक्टरमधलं क्वार्टर नाही. मला ती पडवी आठवते.

आल्यावर दुसऱ्या दिवशी बहिणीनं मला जेवायला बोलावलं. मी गेलो तेव्हा पेटी उघडी होती. पार रिकामी. लुगडी दांडीवर, पितळी डबे फळीवर, आरसा खिळ्याला, लग्नातला फोटो देवाच्या बाजूला. आईनं दिलेली जवसाच्या तेलाची बाटली चुलीजवळ उभी होती. जवाईबुवा माझी नजर पाहून म्हणाले, "पाहू नोका तिकडं, भाऊ. थे फक्त चटणीसाठी हाय." काय झालं होतं ते बहिणीला कळलेलं होतं. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

मी बाहेर हात धुवायला गेलो तर तांब्या घेऊन जवाईबुवा आधीच उभे. माझ्या हातावर त्यांनी पाणी घातलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला कसंतरीच झालं. जेवलो. भात, वरण, जवसाची चटणी, वाकड्या चुलीवरच्या जळक्या पोळ्या. जेवण झालं आणि सवयीप्रमाणे मी दोन्ही ताटं उचलायला वाकलो.

बहिणीनं माझा हात धरला.

"ठेव थे ताट, दादा. तू पाहुणा हायस. हे मायं घर होय."